एका बसमधले दोन पक्ष

सहलींवर या सदरात आता पुन्हा लिहिणार नाही, असं मी मागे जाहीर केलं होतं आणि त्याबद्दल वाचकांची आभाराची पत्रंही आली होती. पण आमच्या सोसायटीच्या फलकावर लागलेला कागद वाचून माझा नाइलाज झाला. कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'पक्षी अधिक लेणी! एका दिवसात दोन्ही! नाश्ता, जेवण, चहा समाविष्ट.' हे वाचताना मला लग्नातल्या 'एकाच मांडवात मुंज आणि साखरपुडा' या प्रकाराची आठवण झाली. तिथे दोन्हीकडचे पाहुणे उपाशी राहतात.

हिने मात्र कागद वाचल्या वाचल्या दोन नावं नोंदवून टाकली. "लेणी तुम्ही बघा, पक्षी मी बघते," असं तिचं म्हणणं. माझा दुखरा गुडघा वाचकांना परिचित आहेच. त्याला कुणी काही विचारलं नाही.

ठिकाण जुन्नर. ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल. एका तालुक्याच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत : लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी. पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर नाणेघाट, म्हणजे सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल ज्या वाटेनं वर चढायचा ती वाट. घाटाच्या तोंडाशी लेणं, लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख. 2018 मध्ये सरकारनं जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं. कडे, धरणं, गवताळ माळ असल्यामुळे पाखरं भरपूर. झाला परिच्छेद.

पहाटे बस निघाली आणि चाकण यायच्या आत प्रवाशांचे दोन पक्ष पडले. पक्षीवाले डाव्या बाजूला, लेणीवाले उजव्या. पक्षीवाल्यांची ओळख सोपी. मातकट रंगाचे कपडे, अंगभर खिसे, गळ्यात दुर्बीण आणि चेहऱ्यावर नुकतंच कुणी गेल्याचा भाव. लेणीवाले पांढऱ्या टोपीत, हातात बॅटरी, पिशवीत झेरॉक्सचा गठ्ठा. पक्षीवाले बसमध्येसुद्धा कुजबुजत बोलतात. लेणीवाले लेण्यात घुमतं तसं सगळीकडे घुमेल या समजुतीनं बोलतात. नारायणगावला मिसळ खाताना एका पक्षीवाल्या काकूंनी लेणीवाल्या काकांना "जरा हळू" अशी खूण केली. समोर बसलेला पक्षी कावळा होता.

पक्षीवाल्यांचा म्होरक्या म्हणजे माझाच भाचा. त्याच्याकडे फोनमध्ये साडेतीनशे पाखरांचे आवाज आहेत. नाणेघाटाच्या अलीकडे घाटघरला आम्ही उतरलो. मार्चचं ऊन अजून कोवळं होतं. अंगणांत बाळहिरडा वाळत घातला होता आणि त्याचा तुरट वास सगळ्या वाडीभर होता. ओढ्याच्या कडेला झाडी लागताच भाच्यानं सगळ्यांना थांबवलं, ओठांवर बोट ठेवलं आणि फोनवर कस्तुराची शीळ लावली. कस्तूर शीळ घालतो ती उनाड पोरानं गाणं अर्धवट विसरून पुन्हा सुरू करावं तशी. फोनमधून ती छान वाजली. क्षणभरात ओढ्यापलीकडून उत्तर आलं. भाच्याचा चेहरा उजळला. त्यानं पुन्हा लावली, पुन्हा उत्तर आलं. बारा दुर्बिणी त्या दिशेला वळल्या. "मामा, एकदम जवळ आहे," भाचा पुटपुटला. "आपला इलाका राखतोय." हा संवाद चांगला दहाएक मिनिटं चालला आणि मग पलीकडच्या कारवीच्या काटक्या बाजूला सारून, तशाच मातकट कपड्यांतला, तसाच फोन पुढे धरलेला एक गृहस्थ मुंबईच्या ग्रुपसह बाहेर आला. दोघांनी एकमेकांकडे जे पाहिलं ते मला कुठल्याही दुर्बिणीशिवाय दिसलं.

यात हसण्यासारखं आहे तसं न हसण्यासारखंही आहे. विणीच्या दिवसांत असा आवाज ऐकला की खरा पक्षी घरटं सोडून, पिलांचं तोंड भरायचं टाकून, नसलेल्या शत्रूशी भांडायला धावतो. दिवसाला दहा ग्रुप आले तर त्यानं दहा वेळा धावायचं आणि त्याचे फोटो आपण मिरवायचे. भाच्याला हे मी सांगितलं. तो म्हणाला, "मामा, तुम्ही लेणीवाले ना?"

तर लेणीवाल्यांकडे येऊ. त्यांचे प्रमुख आमचे निवृत्त प्राध्यापक शेजारी. नाणेघाटाच्या लेण्यात शिरताच त्यांनी बॅटरी भिंतीवर टाकली आणि लेखाचा वर्ग सुरू केला. माणूस विद्वान आहे, आणि वर्ग खरोखर चांगला झाला. राणीनं कोणते यज्ञ केले, किती गायी, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण दक्षिणा दिली, हे त्या भिंतीवर आकड्यांसकट कोरलेलं आहे. आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी काही अंक इथले. पंडित भगवानलाल इंद्रजींनी 1870च्या दशकात ते उलगडले. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या मंडळींचे पुतळे होते. आज वर फक्त नावं आहेत आणि खाली कुठे कुठे पावलांच्या खुणा. मधली सगळी राजघराणी काळानं खाऊन टाकली. श्रीमुख, सातकर्णी, नागनिका, कुमार भाय, सगळ्यांच्या नावाच्या पाट्या शाबूत, माणसं गायब. सरकारी कचेरीत दुपारी अडीचला असंच असतं.

याच वेळी लेणीवाल्यांपैकी एकांचं लक्ष छताकडे गेलं आणि त्यांनी वर्गात व्यत्यय आणला. छताच्या कोपऱ्यात चिखलाची अर्धी वाटी चिकटवल्यासारखं एक घरटं होतं. मातीचे गोल गोल दाणे एकाशेजारी एक लावलेले, वरच्या काठातून एक वाळलं गवत आणि एक पीस बाहेर आलेलं. खाली फरशीवर पांढरे शिंतोडे. "बघा, घाण करून ठेवलीय," ते गृहस्थ म्हणाले. "दोन हजार वर्षांचं लेणं आणि कुणी काठीनं हे काढत नाही!" एवढं बोलून ते खरोखर काठी शोधू लागले. तेवढ्यात एक काळपट, पिंगट, चिमणीएवढी पाकोळी आमच्या टोप्यांवरून आत आली, घरट्याच्या काठाला लटकली आणि लगेच परत फिरली. बाहेर भाचा आणि त्याचे लोक कड्यावर सापमार गरुड शोधत होते. ते आत आलेच नव्हते. लेण्यात पक्षी कशाला असतील?

इथे मला बोलावंच लागलं. माझ्या बोलण्यात एक जुना माणूस येणार हे नियमित वाचकांनी ओळखलं असेल. या वेळी कर्नल साइक्स.

विल्यम हेन्री साइक्स (1790–1872) हा कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी. पेशवाई बुडाल्यावर मुंबई सरकारनं त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायच्या कामाला लावलं. असल्या कामावर नेमलेला माणूस सहसा गावच्या पाटलाकडून कागद भरून घेतो आणि वाड्यात बसून सही करतो. हा गृहस्थ मात्र हातात येईल ते मोजत सुटला. माणसं, पिकं, पाऊस, हवेचा दाब, नांगर, मासे, कुत्री, पाखरं. असा माणूस आपल्या सोसायटीत असता तर पाण्याच्या मीटरवरून रोज भांडण झालं असतं. 1828 च्या उन्हाळ्यात भटकताना तो नाणेघाटात पोचला आणि त्याला हे लेणं दिसलं. इथल्या शिलालेखाची नक्कल त्यानं विलायतेतल्या विद्वानांपुढे ठेवली. पाश्चात्त्य अभ्यासकांना नाणेघाट कळला तो त्याच्यामुळे.

आणि 1832 मध्ये याच साइक्सनं लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे दख्खनच्या पक्ष्यांची यादी मांडली. शास्त्राला तोवर अनोळखी असलेल्या कितीतरी पाखरांची नोंद त्यानं केली. पुण्याच्या प्रत्येक नाल्यात पाठ वाकवून उभी असते ती ढोकरी त्यानंच शास्त्रीय नाव देऊन पुस्तकात बसवली. एका चंडोलाला तर आज त्याच्याच नावानं ओळखतात. सातभाईंच्या कुळातला एक थोराड, राखाडी, सदा कलकलाट करणारा पक्षी आहे. त्याला साइक्सनं नाव दिलं ते मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्यावरून. ही खुशामत की सूड, हे ठरवणं मी वाचकांवर सोडतो. माझं मत दुसऱ्या बाजूला आहे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पाखरं आधी बंदुकीनं पाडली जात आणि मग नाव दिलं जाई, हेही लपवू नये.

आता मुद्द्याची गोष्ट. काठी शोधणारे गृहस्थ जिला घाण म्हणत होते ती कड्याकपारीतली पाकोळी. तिचंही पहिलं शास्त्रीय वर्णन याच साइक्सचं. शिलालेखही त्याचा, छतावरची पाकोळीही त्याचीच. एकाच माणसाच्या नजरेनं हे दोन्ही टिपलं, आणि आमच्या बसमध्ये चाळीस माणसं असूनही एकालाही दोन्ही दिसलं नव्हतं. उजवी बाजू भिंत बघत होती, डावी आभाळ. ही पाकोळी मुळात कड्याच्या आडोशाला घरटं बांधते. सातवाहनांच्या कारागिरांनी कडा पोखरला तेव्हा तिला तयार आडोसा मिळाला. चिखलाची गोळी गोळी चोचीनं आणून ती वाटी बांधते आणि पुढच्या वर्षीही तीच डागडुजी करून वापरते. लेण्यातल्या भिक्षू-व्यापाऱ्यांच्या वस्त्या गेल्या, ही राहिली. प्राध्यापकांना मी म्हटलं, "सर, या लेण्यात अजून राहतो असा हा एकच वंश आहे." सर विद्वान आहेत, पण मनाने मोठे. त्यांनी बॅटरी विझवली आणि काठी मागणाऱ्यांना हात धरून बाहेर नेलं.

साइक्सबद्दल अजून बरंच सांगता येईल. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला, ॲबरडीनमधून खासदारही झाला. पण मी बसबद्दल लिहीत होतो.

जेवण पिठलं-भाकरीचं, उत्तम. दुपारी शिवनेरी. माझा गुडघा पहिल्या दरवाज्यापाशीच बसला आणि मीही. तिथे एका भिंतीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं तीन मित्रांची नावं आणि त्यांच्या गावाचं नाव रंगवलेलं होतं. आपल्या लोकांना दगडावर नाव घालायची हौस आहे, हे खरं, आणि ती जुनीही आहे. याच डोंगराच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाचं नाव कोरलेलं आहे, चिट नावाच्या दुसऱ्याचंही. पण इरिलानं तिथे पाण्याची दोन टाकी खोदून दिली होती आणि चिटानं भिक्षूंना भोजनशाळा. नाव त्यानंतर आलं. या तिघा मित्रांनी शिवनेरीवर नेमकं काय बांधून दिलं, याचा मी परतीच्या वाटेवर खूप विचार केला. रंगाचा रिकामा डबा मात्र त्यांनी तिथेच ठेवलेला होता, तेवढं दान मानायचं असेल तर माना.

हिची यादी संध्याकाळी बसमध्ये पुरी झाली. शैलकस्तूर, थिरथिरा, खरुची, सापमार गरुड आणि बाकीचे. वर तिनं लेण्यातली पाकोळीही लिहिली होती. "तू तर बाहेर होतीस," मी म्हटलं. "तुमचा आवाज घुमत होता," ती म्हणाली. भाच्याच्या यादीत पाकोळी नव्हती. त्यानं तिच्या वहीतून नक्कल करून घेतली. पक्षीवाल्यांच्या जगात याला काय म्हणतात ते मला माहीत नाही, आमच्या वेळी परीक्षेत याला कॉपी म्हणत.

सोसायटीच्या फलकावर आता पुढचा कागद लागलाय : 'दोन दिवसांत अष्टविनायक.' त्यावर मी लिहिणार नाही.

नाणेघाटला जाणार असाल तर एवढं करा. पावसाळ्यातले शनिवार-रविवार टाळा, उलट्या धबधब्यासाठी तेव्हा तिथे एवढी गर्दी असते की धबधब्यालाही वर यायला वाट मिळत नाही. फोनमधल्या शिळा फोनमध्येच राहू द्या. लेण्यात शिरल्यावर बॅटरी लावण्याआधी एकदा छताकडे बघा, आणि घरट्यात पिलं असतील तर वर्ग बाहेर भरवा. घाटमाथ्यावर दगडाचा भला मोठा रांजण आहे. त्यात जकात गोळा करत, असं लोक सांगतात. आम्ही गेलो तेव्हा त्यात वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या आणि एक चप्पल होती. जकात आता बंद आहे. कृपया भरू नका.