घरातील आवाजांचे भांडार



आपल्या समाजाने ग्रंथ टिकविले ते प्रती काढून. धवलादी सिद्धांतग्रंथांची ताडपत्रे मूडबिद्री येथे शतकानुशतके सांभाळली गेली. तरीही त्यांतील काही भाग किडीने नष्ट झाल्याचे कळले, तेव्हा आचार्य शांतिसागर महाराजांनी ते ग्रंथ ताम्रपटांवर कोरून घेण्याची प्रेरणा दिली. हे ताम्रपट आपल्या सातारा जिल्ह्यात, फलटण येथे जतन केलेले आहेत. ग्रंथांविषयीची ही दक्षता घरातील आवाजांविषयी मात्र आपण दाखवीत नाही. आजीने म्हटलेले भक्तामर स्तोत्र, चातुर्मासातील प्रवचने, जुन्या स्तवनांच्या कॅसेट कपाटाच्या तळाशी पडून असतात आणि सकाळची स्तवने आपण मोबाईलवरील भाडोत्री संग्रहातून ऐकतो.

भाडोत्री म्हणण्याचे कारण व्यापाऱ्यांच्या घरात सांगावे लागू नये. वर्गणी थांबली की संग्रह बंद. कंपनीने एखादे गीत काढून टाकले, तर दाद मागण्याची सोय नाही. वर्गणी न भरता ऐकावे, तर स्तोत्र संपते न संपते तोच अशा पदार्थांची जाहिरात सुरू होते, ज्यांचे नावही आपल्या घरात कोणी काढत नाही. शिवाय आजीचा आवाज तेथे कोणत्याही किमतीस मिळत नाही.

यावर एक स्वस्त व समाधानकारक उपाय आहे. ‘रास्पबेरी पाय’ हा बँकेच्या कार्डाएवढा संगणक. मुलांनी संगणकाची भाषा शिकावी या हेतूने इंग्लंडमधील केंब्रिज येथील संस्थेने तो २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आणला. याच्या मेमरी कार्डावर ‘मूड ऑडिओ’ किंवा ‘व्हॉल्युमिओ’ ही प्रणाली चढवावी. पहिली पूर्णतः विनामूल्य आहे, दुसरीची प्राथमिक आवृत्ती विनामूल्य मिळते. गाणी वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवून ती याला जोडावी. मग घरच्या वायफायवरून कोणत्याही मोबाईलवर यादी उघडते. बोट लावले की दिवाणखान्यातील स्पीकरवर स्तवन सुरू होते. आपला संग्रह ऐकण्यास इंटरनेटही लागत नाही. आवाज स्वच्छ हवा असेल, तर ‘डॅक’ नावाचा छोटा जोड घ्यावा. तो संगणकातील आकड्यांचे ध्वनीत रूपांतर करतो.

विजेचा हिशेब पाहा. खर्च पाच वॅट धरला आणि यंत्र दिवसरात्र चालू ठेवले, तरी महिन्यास ३.६ युनिट होतात. मात्र वीज अचानक गेल्यास मेमरी कार्ड बिघडू शकते. म्हणून यंत्र रीतसर बंद करावे आणि शक्य असल्यास त्यास छोटा यूपीएस जोडावा. सामायिकाच्या ४८ मिनिटांत ते बंदच असावे, हे वेगळे सांगणे नको.

खरे काम कॅसेटचे आहे. या यंत्राला आवाज आत घेण्याची सोय नसते. त्यामुळे कॅसेट प्लेअर यूएसबी जोडणीने घरच्या संगणकास जोडून ‘ऑडॅसिटी’ या विनामूल्य प्रणालीत ध्वनिमुद्रण करावे आणि ते ‘फ्लॅक’ स्वरूपात साठवावे; त्यात ध्वनीचा अंशही गळत नाही. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला साधारण अर्धा जीबी लागतो. म्हणजे ६४ जीबीच्या पेन ड्राईव्हवर शंभरावर कॅसेट मावतात. प्रत्येक फाईलला नाव, तिथी, आवाज कोणाचा, हे लिहावे. नोंद नसलेली रक्कम जशी सस्पेन्स खात्यात पडून राहते, तशी निनावी फाईल कोणी उघडत नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे असतो. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे १९३७ साली निधन झाले. त्यांच्या हयातीत निघालेल्या ध्वनिमुद्रिका या मुदतीबाहेर गेल्या असल्याने त्यांनाही या भांडारात निःशंकपणे जागा देता येईल.

आता सर्वांत महत्त्वाचे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली; धोक्याची पातळी ४५ फूट आहे. दुकानातील भिजलेल्या चोपड्यांचे आकडे बँकेच्या उताऱ्यांवरून, व्यापाऱ्यांच्या परस्पर खात्यांवरून पुन्हा जुळविता येतात, कारण त्यांची नोंद दुसरीकडेही असते. भिजलेल्या एकुलत्या एक कॅसेटची नोंद कोठेच नसते. म्हणून भांडाराची एक प्रत घरी आणि दुसरी गावाबाहेर ठेवावी. सांगलीकरांनी ती साताऱ्याच्या लेकीकडे द्यावी, सातारकरांनी सांगलीच्या व्याह्यांकडे. आणि दर वर्षी क्षमापनेच्या भेटीत नव्या नोंदींची देवाणघेवाण करावी.

चुंबकीय फीत वर्षांगणिक झिजते आणि कॅसेट प्लेअर दुरुस्त करणारे हातही कमी होत चालले आहेत. येत्या पर्युषणापूर्वी कपाटातील कॅसेटची मोजदाद तरी करावी. ज्यांचा आवाज आज घरात ऐकू येतो, अशा ज्येष्ठांना समोर बसवून एक णमोकार, एक स्तवन ध्वनिमुद्रित करून घ्यावे. त्यास यंत्र येण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. हातातला मोबाईल पुरेसा आहे.