हॉलमार्क सोन्याचा, मग हिऱ्याचं काय? दागिना जडवायला देताना कोणती काळजी घ्याल?

आजीच्या कुड्यांमधला हिरा नव्या अंगठीत बसवायचा असतो, सैल झालेला खडा पक्का करायचा असतो, किंवा सुटा हिरा पेंडंटमध्ये जडवायचा असतो. कारण कोणतंही असो, हिरा काही दिवस सराफाकडे राहतो. परत मिळालेला हिरा आपलाच आहे, हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न आता का महत्त्वाचा?

कारण प्रयोगशाळेत तयार होणारे, म्हणजेच लॅब-ग्रोन हिरे. केंद्र सरकारने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात या हिऱ्यांसाठी लागणाऱ्या 'सीड'वरचं ५ टक्के आयात शुल्क रद्द केलं. सुरतमध्ये हा उद्योग वेगाने वाढला. हे हिरे खरेच असतात, पण खाणीतल्या हिऱ्यापेक्षा कित्येक पटींनी स्वस्त.

डोळ्यांना दोन्हींत फरक दिसत नाही. दुकानातला साधा टेस्टर हिऱ्यातून उष्णता किती वेगाने वाहते ते पाहतो. त्यामुळे लॅबचा हिराही त्यात 'पास' होतो. त्यामुळे अदलाबदल झाली तरी टेस्टरचा हिरवा दिवा लागेलच.

हॉलमार्क असेल तर चालत नाही का?

नाही. सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी सोन्याची शुद्धता सांगतो. त्यात बसवलेल्या हिऱ्याची हमी तो देत नाही.

देण्याआधी काय कराल?

हिऱ्याची ओळख कागदावर आणा. जीआयए, आयजीआय यांसारख्या संस्थांच्या अहवालात वजन, मिलिमीटरमधलं माप, रंग आणि शुद्धता नोंदवलेली असते. अनेक हिऱ्यांच्या कडेवर अहवालाचा क्रमांक लेझरने कोरलेला असतो. तो भिंगातून सराफासमोरच वाचा. मात्र खोटा क्रमांकही कोरता येतो, म्हणून वजन आणि मापही जुळवा.

खरी अडचण घरातल्या जुन्या हिऱ्यांची. त्यांचा कागदच नसतो. अशा वेळी हिरा कोंदणातून तुमच्यासमोर काढून घ्या, सुट्या हिऱ्याचं वजन करा आणि किंमत मोठी असेल तर आधी प्रयोगशाळेतून तपासून घ्या. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, त्यामुळे वजन कॅरेटच्या दोन दशांशांपर्यंत लिहून घ्या. भिंगातून दिसणाऱ्या आतल्या खुणांचे मोबाइलवर फोटो काढा. बारीक हिरे असतील तर त्यांची संख्या आणि एकूण वजन नोंदवा.

पावतीवर काय हवं?

'एक अंगठी, दुरुस्तीसाठी' एवढं पुरेसं नाही. हिऱ्याचा आकार, वजन, माप, अहवाल क्रमांक, दोघांना मान्य असलेली अंदाजे किंमत, परत देण्याची तारीख आणि सही-शिक्का हवा. काम दुकानातच होणार की बाहेरच्या कारागिराकडे जाणार, हेही विचारा. दुकानाच्या विम्यात ग्राहकाचा माल येतो का, तेही विचारा.

हिरा तुटला किंवा हरवला तर?

हिरा कठीण असला तरी जडवताना चुकीच्या ठिकाणी दाब पडल्यास त्याचा टवका उडू शकतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ नुसार सोपवलेल्या वस्तूची सराफाने स्वतःच्या वस्तूसारखी, शहाण्या माणसाला शोभेल इतकी काळजी घ्यायला हवी. पण कलम १५२ नुसार, तेवढी काळजी घेऊनही नुकसान झालं आणि वेगळा करार नसेल, तर तो जबाबदार ठरत नाही. म्हणूनच 'तुटल्यास किंवा हरवल्यास भरपाई देऊ' हे वाक्य पावतीवर आधीच लिहून घेणं महत्त्वाचं.

परत घेताना

दुकानातून बाहेर पडण्याआधीच क्रमांक, माप आणि खुणा फोटोशी ताडून पाहा. हिरा हलत नाही ना, तेही बघा. एकदा जडवल्यावर त्याचं अचूक वजन करता येत नाही, म्हणून शक्य असल्यास जडवण्याचं काम समोर बसूनच करून घ्या.

शंका आली तर दागिना दुसऱ्या कुणाकडे उघडू नका, आधी लेखी तक्रार द्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. हिरा जाणूनबुजून बदलल्याचं दिसत असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली विश्वासघाताची तक्रार पोलिसांत करता येते. या सगळ्या ठिकाणी पहिला प्रश्न एकच असतो: तुम्ही नेमका कोणता हिरा दिला होता? त्याचं उत्तर पावतीवर असायला हवं.