उडणें आणि उतरणें

गेल्या हिवाळ्यांत वरसे गांवच्या एका पालकांनीं आम्हांस रस्त्यांत गांठून विचारलें, "सर, दहावीची परीक्षा झाली कीं आमचा मुलगा कामशेतला जाऊन उडावयास शिकेन म्हणतो. आपण सांगाल तसें करूं." आम्हीं "मुळींच नको" असें सांगितलें आणि वर्गावर निघून गेलों. तें उत्तर भयानें दिलेलें होतें, विचारानें नव्हे. तें मनास टोंचत राहिलें, म्हणून ह्या अंकाच्या निमित्तानें त्या प्रश्नाचा फेरविचार करीत आहों.

मावळांतील कामशेत येथें उडणें शिकविणाऱ्या शाळा आहेत. तेथें शिकवितात तें मुख्यत्वें पॅराग्लायडिंग. त्यांत कापडाचा पंख दोऱ्यांनीं अंगास बांधलेला असतो. त्याचा वडील भाऊ हँग ग्लायडिंग. त्यांत धातूच्या नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेल्या पंखाखालीं मनुष्य पालथा लोंबकळतो आणि हातांत धरलेल्या दांडीच्या आधारानें आपलें वजन इकडे तिकडे हालवून दिशा देतो. दांडी पोटाकडे ओढली कीं वेग वाढतो, दूर लोटली कीं कमी होतो. फ्रान्सिस रोगॅलो ह्या अमेरिकन इंजिनियरानें 1948 सालीं लवचिक पंख तयार केला, आणि 1963 सालीं ऑस्ट्रेलियांत जॉन डिकन्सन यानें अशा पंखाखालीं ही त्रिकोणी चौकट बसविली. दोन्हीं प्रकारांत इंजिन नाहीं. विमान चुकलें तर पुन्हा वर जाऊन दुसरी फेरी घेतें. ह्या मंडळींस उतरण्याची संधि एकदांच मिळते.

असें असून वर्तमानपत्रांत छायाचित्र येतें तें कड्यावरून झेंप घेणाऱ्याचें. उतरणाऱ्याचें छायाचित्र आमच्या तरी पाहण्यांत फारसें आलें नाहीं. आमच्या मतें येथेंच सर्व घोटाळा आहे. मुलांस झेंप दिसते, पालकांस कडा दिसतो, आणि खालचें मैदान कोणीच पाहत नाहीं.

तें मैदान गांठण्याची रीत मोठी मनोरंजक आहे. उतरणारा प्रथम वारा पाहतो: चुलीचा धूर कोणीकडे झुकला, वाळत घातलेलीं लुगडीं कोणीकडे फडफडतात. मग वारा पाठीशीं घेऊन तो मैदानाच्या कडेनें जातो, नंतर आडवा वळतो, आणि शेवटीं वाऱ्याकडे तोंड करून सरळ येतो. मधली आडवी बाजू हिशेबाची. उंची जास्त वाटली तर ती लांबवावयाची, कमी वाटली तर लवकर वळून मैदान गांठावयाचें. शेवटच्या सरळ रेषेंत नजरेची एक खूण आहे, ती आम्ही भूमितीच्या तासालाही सांगतों. समोरची जी जागा दृष्टींत स्थिर राहते तेथें आपण पोहोंचतों. जी वर सरकते तेथपर्यंत पोहोंचत नाहीं. जी खालीं सरकते ती पायांखालून मागें जाते.

आतां अवघड भाग. झाडें, घरें, बांध यांच्या अडथळ्यानें जमिनीलगतचा वारा मंद असतो. वरून येणाऱ्यास समोरचा वारा एकाएकीं कमी मिळतो, म्हणजे पंखावरून वाहणारी हवाही कमी होते, आणि ती फार कमी झाली तर पंखाचा आधार सुटतो. म्हणून जमीन जवळ आली कीं दांडी किंचित ओढून वेग राखावा लागतो. भ्यालेला मनुष्य नेमकें उलट करतो. दांडी दूर लोटून सावकाश उतरूं पाहतो, आणि पडतो. पुढें, जमीन अगदीं जवळ आल्यावर हवेचा विरोध घटतो आणि ग्लायडर खालीं बसण्याऐवजीं तरंगत पुढें जातो. तेव्हां पंख सपाट ठेवून, वेग आपोआप सरूं देऊन, योग्य क्षणीं चौकट जोरानें वर लोटावयाची. नाक उंचावतें, अवघा पंख वाऱ्यास आडवा येतो आणि पाय टेंकतात. हें लवकर केलें तर वर उसळून आदळणें, उशिरां केलें तर नाकावर येणें.

ज्यास हें पाहावयाचें असेल त्यानें कामशेतला जाण्याची गरज नाहीं. वरशाच्या खाचरांत दुपारनंतर, खाडीकडून पश्चिमेचा वारा सुटला म्हणजे, बांधावर उतरणारे बगळे पाहावे. बगळा नेहमीं वाऱ्याकडे तोंड करून येतो. बांधाजवळ येतांच पंख उभे पसरतो, पाय पुढें काढतो आणि थबकतो. ऑटो लिलिएंथाल ह्या जर्मन गृहस्थानें असेच करकोचे पाहून 1889 सालीं पक्ष्यांच्या उड्डाणावर ग्रंथ लिहिला आणि 1891 पासून टेकड्यांवरून सुमारें 2000 वेळां तरंगून दाखविलें. 9 ऑगस्ट 1896 रोजीं वाऱ्याच्या झोतांत त्याच्या पंखाचा आधार सुटला; तो सुमारें 50 फुटांवरून पडला आणि दुसरे दिवशीं वारला. राइट बंधूंनीं त्याचें मरण वाचलें होतें. किटी हॉकची जागा त्यांनीं निवडली ती स्थिर वाऱ्यासाठीं आणि पडल्यावर लागूं नये अशा मऊ वाळूसाठीं. आधीं पडण्याची सोय, मग उडणें!

आपल्या जिल्ह्यांत तरी हें नवें वाटूं नये. आख्यायिकेंतील हिरकणी रायगड रोज चढत होती, त्याबद्दल तिचें नांव कोणी घेत नाहीं. ती उतरली, म्हणून बुरुजास तिचें नांव. (रात्रीं, तयारीवांचून, ही तिची रीत मात्र तान्हें मूल घरीं नसणाऱ्यांनीं गिरवूं नये.)

तेव्हां पालकांनीं शिक्षकास कड्याची उंची विचारूं नये. पहिले किती दिवस ठेंगण्या उतारावर काढवितां, उतरण्याचें मैदान मुलास आधीं पायीं फिरून दाखवितां काय, त्याच्या कडेस विजेच्या तारा आहेत काय, आणि वारा वाईट असला तर पैसे घेतलेले असतांही "आज नाहीं" असें म्हणतां काय, हें विचारावें. शेवटच्या प्रश्नास जो अडखळेल त्याच्याकडे मूल पाठवूं नये.

हें सर्व आम्हीं त्या पालकांस घरीं जाऊन सांगितलें आणि आमचा नकार परत घेतला. ते हंसले. मुलगा घरीं नव्हता. बांधावर बसला होता.