जॉयस्टिकचं आयुष्य किती?

मंडळी, आजचा विषय जरा आडवळणाचा आहे. फ्लाइट सिम्युलेटर खेळणारे आपल्याकडे मूठभरच, आणि त्यातही जॉयस्टिक विकत घेऊन खेळणारे त्याहून कमी. पण या छोट्याशा वस्तूच्या निमित्ताने बरेच दिवस डोक्यात घोळणारं काहीतरी मांडायचं आहे. एका वाक्यात सांगायचं तर, जॉयस्टिक किती टिकेल हे ती किती भक्कम दिसते यावर ठरत नाही. तिच्या आत काय घासतं आणि ती उघडता येते का, या दोन गोष्टींवर ठरतं. बाकी सगळी जाहिरात.

आधी आतला मामला बघू. स्वस्त जॉयस्टिकमध्ये प्रत्येक अक्षासाठी एक पोटेन्शिओमीटर असतो. नाव मोठं आहे, पण वस्तू ओळखीची. जुन्या रेडिओच्या आवाजाचं बटण आठवा. कार्बनचा एक पट्टा, त्यावरून सरकणारी धातूची एक जीभ. दांडा हलला की जीभ सरकते, व्होल्टेज बदलतं, आतली चिप त्याचा आकडा करून संगणकाला पाठवते. रेडिओ जुना झाला की ते बटण फिरवताना खरखर यायची ना? तीच खरखर इथे येते, फक्त कानाला ऐकू येत नाही. स्क्रीनवर विमान उगाच थरथरताना दिसते.

आता यातली गंमत बघा. रेडिओचं बटण माणूस दिवसातून चार-दोनदा फिरवतो. जॉयस्टिक मात्र उड्डाणभर हलत असते, आणि बहुतेक वेळ मधल्या जागेच्या आसपासच. म्हणजे झीज पट्टाभर सारखी होत नाही, बरोब्बर मध्यावर होते. आणि नेमकी तीच जागा सगळ्यात अचूक असायला हवी! सरळ जाताना, धावपट्टीवर उतरताना, सगळी कामं त्या मधल्या मिलिमीटरभर हालचालीतच असतात. टोकाला खरखर असती तर चाललं असतं.

त्यात आपलं नागपूर. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या घरात, दुपारची लू, आणि खिडकीला लावलेला कूलर. कूलर हवा गार करतो, पण सोबत ओल आणि धूळही खोलीत आणून सोडतो. आतलं ग्रीस धूळ धरून घट्ट होतं. दांड्यावर जो मऊ रबरी लेप असतो (दुकानात हातात घेतल्यावर फार भारी वाटतो तो) त्याचं आयुष्य अशा उष्ण-दमट हवेत आणि हाताच्या घामाने आणखी कमी होतं. पॉलियुरेथेनचे काही लेप ओलाव्याने हळूहळू विघटित होतात आणि चार-पाच वर्षांत दांडा गुळाच्या ढेपेसारखा चिकट होतो. साधं खडबडीत प्लास्टिक दिसायला गावठी, पण टिकायला पक्कं. असो.

यावर जुना आणि चांगला उपाय आहे, घासणारी गोष्टच काढून टाका. एडविन हॉल नावाच्या अमेरिकन माणसाने १८७९ मध्ये दाखवलं की प्रवाह वाहत असलेल्या पट्टीजवळ चुंबकीय क्षेत्र आणलं की पट्टीच्या आडव्या दिशेत बारीकसं व्होल्टेज तयार होतं. दांड्याला चुंबक आणि समोर हॉल सेन्सर लावला की झालं काम. मध्ये फक्त हवा, आणि हवा झिजत नाही :-) थ्रस्टमास्टरच्या टी.१६०००एम या मॉडेलने हे तंत्र परवडणाऱ्या किमतीत आणलं. गंमत म्हणजे त्यातही दांडा पिळून रडर फिरवण्याचा जो अक्ष आहे, तिथे पोटेन्शिओमीटरच आहे. म्हणून खोक्यावर 'मॅग्नेटिक सेन्सर' वाचून हुरळून जाऊ नका. कुठल्या अक्षावर, हा प्रश्न विचारा. व्हीकेबीच्या ग्लॅडिएटरसारख्या काही जॉयस्टिकमध्ये पिळण्याचा अक्षही स्पर्शाविना चालतो, आणि स्प्रिंगाही बदलता येतात. माझ्या मते अशी वस्तू महाग वाटली तरी स्वस्त पडते.

हॉल सेन्सर म्हणजे अमरपट्टा नाही हेही सांगून टाकतो. साधं फेराइट चुंबक दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.२ टक्का ताकद गमावतं. सकाळी २५ आणि दुपारी ४० अंश असेल तर तीन टक्क्यांचा फरक. पण ही घट बहुतेक टोकाला जाणवते, कारण मध्यावर क्षेत्र जवळपास शून्य असेल तर शून्याचे तीन टक्के शून्यच. पोटेन्शिओमीटरच्या बरोबर उलट! बाकी स्प्रिंग ढिली पडते, बटणाखालचे मायक्रोस्विच जातात, आणि दांड्यातून खाली येणाऱ्या बारीक वायरी पिळून पिळून तुटतात. म्हणजे सेन्सर कितीही चांगला असला तरी कधी ना कधी वस्तू उघडावी लागणारच. आणि खरा मुद्दा इथे सुरू होतो.

आमचा मामेभाऊ वैमानिक व्हायचं म्हणतो. अजून कॉलेजात आहे, फी जमवायची आहे, तोवर सिम्युलेटरवर हात बसवतो. त्याची जॉयस्टिक वॉरंटी संपल्यावर काही महिन्यांतच डावीकडे ओढायला लागली. "दादा, हात सोडला तरी विमान वळते." बर्डीवरच्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडे नेली. त्यांनी पाच मिनिटांत खोलून दोष दाखवला. पॉट गेलेला. म्हणाले, "पार्ट आणून द्या, मी आत्ता लावून देतो." आता पार्ट आणायचा कुठून? त्याची दांडी वेगळ्याच लांबीची, वेगळ्याच आकाराची, बाजारात मिळत नाही. कंपनीकडे विचारलं तर उत्तर आलं, सुटे भाग विकत नाही, नवीन घ्या. चाळीस-पन्नास रुपयांचा भाग नाही म्हणून काही हजारांची वस्तू कचऱ्यात!

नेटवर सगळे सांगतात की डेडझोन वाढवा. डेडझोन म्हणजे मध्याच्या आसपासची हालचाल सॉफ्टवेअरने दुर्लक्षित करायची. आम्ही सॉफ्टवेअरवाले लोक, असे पॅच रोज मारतो, त्यामुळे मला त्याची किंमत माहीत आहे. लक्षण दिसेनासं होतं, दोष तिथेच राहतो. दहा टक्के डेडझोन ठेवला की दांडा थोडा हलवून काहीच होत नाही, म्हणून हात आणखी रेटतो, मग विमान एकदम प्रतिसाद देतं, मग उलटीकडे रेटावं लागतं. उतरताना अशी झुलवाझुलवी ज्याच्या हाताला सवयीची झाली, त्याला उद्या खऱ्या सेसनामध्ये इन्स्ट्रक्टरच्या शिव्या खात ती सोडवावी लागेल. खेळणाऱ्याचं फार तर मनोरंजन बिघडतं, शिकणाऱ्याचा हात बिघडतो.

आता कोणी म्हणेल, इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे, चार वर्षं टिकली, अजून काय पाहिजे? हे मला पटत नाही, आणि नागपुरात राहणाऱ्याला तर पटूच नये. भारतीय हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय कुठे आहे? आपल्याच वायुसेनानगरात. देशभरातल्या हवाई दलाच्या दुरुस्ती डेपोंचा कारभार इथून चालतो. मिहानमध्ये एअर इंडियासाठी बोइंगने बांधलेलं विमान-दुरुस्ती केंद्र २०१५ मध्ये सुरू झालं. मिग-२१ घ्या. १९६३ मध्ये हवाई दलात आलं, पुढे आपल्या ओझरच्या कारखान्यात बनलं, आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झालं. बासष्ट वर्षं! विमानं कधी बिघडलीच नाहीत असं नाही. ठरलेल्या तासांनी ती उघडली जायची, झिजलेला भाग निघायचा, नवा बसायचा. टिकाऊपणा म्हणजे न बिघडणं नव्हे, बिघडल्यावर पुन्हा उभं राहता येणं.

मिगच्या अपघातांचा इतिहासही मी विसरलेलो नाही. यंत्राचं आयुष्य किती ताणावं याला मर्यादा असते, आणि विमानात ती ओलांडण्याची किंमत माणसांनी मोजली आहे. पण जॉयस्टिकला ही भीती नाही. ती जुनी झाली म्हणून कोणाचा जीव जात नाही. म्हणजे दुरुस्त करून वापरायला याहून सोयीची वस्तू शोधून सापडणार नाही, आणि आपण मात्र तिलाच सगळ्यात आधी फेकतो.

दुसरी एक बाजू आहे, ती आमच्या धंद्यातली. जॉयस्टिक फक्त झिजून मरत नाही, जोडणी कालबाह्य झाल्यानेही मरते. आयबीएमने १९८१ मध्ये पीसीसाठी गेम अडॅप्टर आणला. तोच पुढे पंधरा पिनांचा गेमपोर्ट म्हणून साऊंड कार्डांवर दिसू लागला. विंडोज व्हिस्टाने त्याचा आधार काढून घेतला आणि धडधाकट जॉयस्टिक एका रात्रीत निराधार झाल्या. याउलट मायक्रोसॉफ्टने साइडवाइंडर जॉयस्टिक २००३ च्या सुमारास बंद केल्या, तरी त्यातली यूएसबीवाली फोर्स फीडबॅक २ पुढे विंडोज १० वरही बिनबोभाट चालली. कारण ती एचआयडी हे सर्वांचं प्रमाण पाळते, कंपनीच्या खास ड्रायव्हरवर अवलंबून नाही. ज्या वस्तूला चालायला कंपनीचं सॉफ्टवेअर, त्यात लॉगिन, त्यात अपडेट लागतं, तिचं आयुष्य त्या कंपनीच्या मर्जीएवढंच.

तर घेताना चार प्रश्न विचारा. सगळ्या अक्षांवर बिनस्पर्शाचे सेन्सर आहेत का? साध्या स्क्रूने उघडते का, की गोंदाने चिकटवली आहे? स्प्रिंग, वायर, स्विच सुटे मिळतात का? आणि ड्रायव्हर न टाकता नुसती जोडली तर चालते का? चारपैकी तीन 'हो' असतील तर घ्या. धातूचा दांडा आणि लुकलुकणारे दिवे यांचे गुण शून्य.

आणि एक मागणी सरकारकडेही. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यासाठी पोर्टल काढलं. शेतीची यंत्रं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं आधी धरली. बरोबरच आहे, ट्रॅक्टर जॉयस्टिकपेक्षा महत्त्वाचा. पण तत्त्व तेच आहे, मग संगणकाला जोडायच्या बारीकसारीक वस्तूंनाही ते लागू व्हावं. खोक्यावर किंमत छापतात तसं सुटे भाग किती वर्षं मिळतील हेही छापा. बस्स, एवढंच.

बर्डीवरच्या काकांकडे हात आहेत, नजर आहे, सोल्डरिंग आयर्न तापलेलं आहे. नाही तो फक्त पार्ट. आणि तो नसणं हे काही निसर्गाने ठरवलेलं नाही, कोणीतरी टेबलाशी बसून ठरवलेलं आहे. म्हणजे ते बदलताही येतं. तोपर्यंत मामेभावासाठी दोन हॉल सेन्सर आणि एक चुंबक मागवलंय. बसवून देणार काकाच.