टंचाई आहे, मग मजुरी का चढत नाही?

दसरा झाला की पेपरात एक बातमी हमखास येते. ऊसतोड मजुरांची टंचाई, गाळप हंगाम लांबणार. आता माझं अर्थशास्त्राचं ज्ञान म्हणजे इंजिनिअरिंगला आदल्या रात्री वाचून काढलेला एक पेपर. पण टंचाई झाली की भाव चढतो, एवढं त्यात नक्की होतं. आमच्या आयटीत तर ते उघड दिसतं. एखाद्या टेक्नॉलॉजीची माणसं मिळेनाशी झाली की पोरं घसघशीत वाढ घेऊन उड्या मारतात. मग बीड-पाथर्डीहून कोल्हापूर-सांगलीला जाणाऱ्या लाखो माणसांना ही उडी का मारता येत नाही?

कारण ‘उचल’. पावसाळ्यात हाताला काम नसतं, घरात लग्न नाहीतर आजारपण असतं, तेव्हा मुकादम रोख पैसे देतो. कारखान्याकडून वाहतूकदाराला, वाहतूकदाराकडून मुकादमाला आणि मुकादमाकडून जोडप्याला, असा तो पैसा खाली येतो. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, ऊस तोडून उचल फेडायची. नाही फिटली तर बाकी पुढच्या हंगामावर. थोडक्यात, पगार आधी खर्च झालेला आणि नोकरी नंतर सुरू! असा माणस भाव काय करणार?

त्यातून मोजमापाचं एकक बघा. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हिशेब एकच आणि तोही बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि मजूर संघटनांमध्ये करार होऊन ३४ टक्के वाढ मिळाली आणि दर टनाला साधारण ३६६ रुपये झाला. चांगलंच झालं. पण जोडप्याने दिवसाला दोन टन तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावरून वाहून गाडी भरली, तरी माणशी पडले ३६६ रुपयेच. वर थोडे वाढे विकून येतील ते.

‘बाहेरचे मजूर आले की मजुरी पडते’ हे वाक्य आपण सगळेच ऐकतो. मला ते अर्धवट वाटतं. माणूस गाव सोडतो म्हणून मजुरी पडत नाही, त्याला काम सोडता येत नाही म्हणून पडते. मीही गाव सोडूनच पुण्याला आलोय की! आमच्याकडे पहिल्या नोकरीला दोन वर्षांचा बाँड असायचा, त्यावर कँटीनमध्ये केवढी रडारड. पण बाँडचे पैसे भरले की सुटका होती. इथे फडातून एक दिवस गैरहजर राहिलं तर खाडा, म्हणजे उलटा दंड. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीडमध्ये सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यामागे खाजगी दवाखान्यांचा धंदाही होता, पण खाडा पडू नये ही भीती त्यात होतीच.

आगाऊ रकमेपोटी माणसाला कामाला बांधून ठेवणं १९७६ च्या वेठबिगार कायद्याने बंद केलंय. पण कागदावर कारखाना मालकच नाही, मजूर वाहतूकदाराचा आणि मुकादमाचा! तोडणी-वाहतुकीचा खर्च मात्र शेतकऱ्याच्या एफआरपीतून कापला जातो. म्हणजे ज्याचा ऊस तो पैसे भरतो, जो तोडतो त्याला ते दिसत नाहीत. आणि हो, यात फसवणूक एकाच बाजूची नाही. लाखोंची उचल घेऊन पसार झालेल्या मुकादमांमुळे बुडालेले ट्रॅक्टरवाले गावोगाव भेटतील. म्हणजे ही पद्धत पैसे गुंतवणाऱ्यालाही धड परवडत नाही, तरी चालूच!

यावर उपाय म्हणून हार्वेस्टरचं नाव घेतलं जातं. त्याला सरकारी अनुदानही मिळालं, ३५ लाखांपर्यंत. पण लहान तुकडे, अरुंद सऱ्या, ओली रानं, यांत तो सगळीकडे चालत नाही. कोयता अजून बरीच वर्षं लागणार आहे.

माझं मत विचाराल तर उचल कारखान्याने स्वतः द्यावी, बँकेतून, लेखी. टनाचा हिशेब पंधरवड्याला व्हावा आणि नवरा-बायकोच्या वेगवेगळ्या खात्यांत अर्धा-अर्धा जमा व्हावा. बाकी राहिली तर ती नेहमीच्या कर्जासारखी राहावी, दुसऱ्या कारखान्यावर जायला आड येऊ नये. ‘एवढ्या लोकांची नोंद कशी ठेवणार?’ हे कारण तरी मला सांगू नका. उसाच्या प्रत्येक गाडीचं वजन, शेतकऱ्याचं नाव आणि गट नंबर कारखान्याच्या कॉम्प्युटरवर असतोच. त्याच टेबलात आणखी दोन कॉलम घालायला किती वेळ लागतो, हे मला चांगलं ठाऊक आहे.