नवी गाडी, ईदचा प्रवास
नेरूळच्या आमच्या भाच्याने रमजानच्या अखेरीस मोटारसायकल घेतली आणि ईदला बायकोसह तिच्यावरूनच महाडला निघाला. “मामू, नवी गाडी आहे, काय होणार?”

नवी आहे म्हणूनच आम्ही अडवले. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरवर घासून हळूहळू नीट बसतात. तो धातूचा बारीक चुरा ऑइलमध्ये उतरतो, म्हणून पहिल्या सर्व्हिसिंगला ऑइल बदलतात. तोवर पुस्तिकेतली वेगमर्यादा पाळावी, मात्र तासन्‌तास एकाच वेगाने पळवू नये. वरच्या गिअरमध्ये रखडवूही नये. मोकळा पाम बीच रोड दिसला की हात पिळतोच, तिथे सांभाळायचे. दोघांचे वजन, सामान आणि कर्नाळा, सुकेळीच्या खिंडी इतक्यात नकोत.

दोघे पनवेलहून एसटीने गेले. अम्मीला दाखवायला मोबाइलमध्ये गाडीचे फोटो होते.