मानपत्र आणि मानधन

मार्च महिना उजाडला की कर्तबगार स्त्रियांच्या सत्कारांना बहर येतो. शाल, श्रीफळ आणि मानपत्र यांची वाण पडत नाही; भाषणांची तर नाहीच. त्यात वावगे काही नाही. तथापि ज्यांच्या तसबिरींना अशा व्यासपीठांवर हार घातले जातात, त्यांचे काम पुढे चालविणाऱ्या स्त्रियांना समाज कसे वागवतो, हे पाहिल्याविना त्या गौरवाचा खरेपणा कळत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बाबतीत तर हे प्रकर्षाने जाणवते.

भावनगरात गिजुभाई बधेका यांच्यासमवेत ताराबाईंनी बालशिक्षणाचा पाया घातला. परंतु माँटेसोरी पद्धतीची साधने महागडी, त्यामुळे तिचा लाभ शहरी सुखवस्तू मुलांपुरताच उरे. ही खंत घेऊन १९४५ मध्ये ताराबाई डहाणूनजीकच्या बोर्डी गावी आल्या आणि बालवयातच वैधव्य आलेल्या अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. शिंपले, खडे, बिया, पाने हीच शिक्षणाची साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत अशी तक्रार करीत न बसता शिक्षिकाच वस्तीत गेल्या. मुलांना न्हाऊमाखू घालून तेथल्या अंगणातच शिकवू लागल्या. ती अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी चक्क कुरणातच शाळा भरली. पाटी घेऊन आलेल्या मुलाला शिकविणे निराळे आणि गुरांमागे धावणाऱ्या मुलामागे पाटी घेऊन धावणे निराळे. आपल्या बहुतेक शाळा पहिल्यावरच समाधान मानतात, हे शिक्षकवर्गालाही अमान्य होऊ नये.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण, तर अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. दरम्यान १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव लाभले. आज देशात अशी तेरा लाखांहून अधिक केंद्रे आहेत.

ती चालविणारी सेविका मुलांना शिकविते, आहार देते, त्यांची वजने घेते, गरोदर स्त्रियांच्या घरी जाते, लसीकरणाच्या दिवशी मुले गोळा करते आणि हे सारे वहीत व मोबाइलवर नोंदवीत बसते. मात्र सरकारदरबारी ती 'मानसेवी'. तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन! २०१८ मध्ये केंद्राने ते दरमहा ३,००० वरून ४,५०० रुपये केले. राज्ये आपापल्या परीने त्यात भर घालतात. या सेविका ग्रॅच्युइटीस पात्र आहेत, हे सांगण्यासाठी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. ताराबाई-अनुताईंच्या महाराष्ट्रात तरी निराळे घडावे. पण येथेही डिसेंबर २०२३ मध्ये सेविकांना बेमुदत संपावर जावे लागले. त्या काळात मुलांचे हाल होतील अशी काळजी अनेकांनी व्यक्त केली. ती रास्तच होती. पण ज्यांच्यावाचून मुलांचे हाल होतात, त्यांच्या कामाला हौसेची समाजसेवा कसे म्हणता येईल, याचा खुलासा कोणी केला नाही.

मानधन म्हणजे आदराने दिलेले धन, हा शब्दाचा अर्थ झाला. व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच की तिने भरलेल्या तक्त्यांवरून ज्या सरकारी कार्यालयात अहवाल तयार होतात, तेथील कायम शिपायालाही वेतनश्रेणी आहे आणि तिला नाही.